ठकूचं विरजण

सकाळी साडेसहाला गुहांमधले हिटर बंद झाले, की लखू झोरे पाहुण्यांसमोर उकिडवा बसायचा आणि काटकीवर काटकी घासून आग काढून दाखवायचा. चार वर्षं हेच काम. पाहुणे डोळे मोठे करून बघत राहायचे. कुणी विचारलं, "दादा, ही विद्या किती पिढ्यांची?" तर लखू आभाळाकडे बोट करायचा. तसं करायचं हे त्याला सांगून ठेवलेलं होतं. खरं तर लखूच्या आज्याच्या कनवटीलासुद्धा काडेपेटी असायची. काटक्यांची विद्या लखूला कंपनीच्या माणसानं व्हिडिओ दाखवून शिकवली, आणि ती शिकताना पंधरा दिवस त्याचे तळहात सोलवटलेले होते.

त्या दिवशी मात्र धूर काही निघेना. लखूचं लक्ष घरी होतं. त्याची लेक सगुणा पाच दिवस घोंगडीवर पडून होती.

"आज अग्नी रुसलाय," एक पाहुणी हळूच म्हणाली. शहरात तिचे सहा कारखाने होते. इथं तिचं नाव 'ओढा' होतं. मूळवास नावाच्या या निवासात आल्यावर प्रत्येकाला नवं नाव घ्यावं लागे. तिच्या शेजारी पानांचा झगा सावरत बसलेला जाडा माणूस म्हणजे 'वड'. तो पुण्याचा मोठा बिल्डर. झगा रोज वाफेनं निर्जंतुक होऊन पिशवीतून यायचा. आज वडाचा उजवा गाल सुजून टम्म झाला होता.

"रुसला न्हाई, वलं लाकूड हाय," लखू म्हणाला आणि पुन्हा घासू लागला.

गोष्ट सुरू झाली होती माणसाच्या पोटापासून. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. अन्न पचवण्याबरोबर ते काही रसायनंही बनवतात, आणि पोटातून मेंदूपर्यंत गेलेल्या एका लांबलचक नसेवाटे त्यांचा निरोप वरपर्यंत पोचतो. माणूस घाबरट होतो की शांत राहतो, त्याला झोप लागते की नाही, यातलं बरंच काही या निरोपावर ठरतं. सह्याद्रीच्या पठारावरच्या हुंबरटेक नावाच्या बावीस घरांच्या धनगरवाड्यात काही वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांना असा एक जिवाणू सापडला, की तो पोटात असलेल्या माणसाची काळजी निम्म्यानं कमी व्हायची. कंपनीनं त्याचं नाव ठेवलं आदिजीव. त्याच्या गोळ्या केल्या. पण शहरी माणसाच्या पोटात तो दोन महिन्यांवर टिकेना. मग निष्कर्ष निघाला, की हा आदिमानवाच्या पोटातला शेवटचा वारस आहे. साबण, चपला, बिस्किटं आणि अँटिबायोटिक यांनी तो मरतो आणि मातीत, अनवाणी, रानटी राहिलं तरच जगतो. निष्कर्ष काढणारे तालुक्याच्या हॉटेलात उतरले होते. वाड्यात ते चहालाही थांबले नव्हते.

मग पठारावर मूळवास उभा राहिला. फायबरच्या गुहा, त्यांना खडकाचा रंग, जमिनीखालून ऊब. श्रीमंत माणसं तीन-तीन महिने येऊन राहू लागली. वाड्यातली माणसं झाली 'दाते'. आठवड्याला शौचाचा नमुना द्यायचा, पाहुण्यांना आग, शिकार आणि गुरं दाखवायची, आणि करार पाळायचा. साबण नाही, पायात काही नाही, प्लास्टिक नाही, बिस्किट नाही, गोळी-इंजेक्शन नाही. वाड्यात येणारा डांबरी रस्ता उखडून त्यावर गवत लावलं होतं. एका घरानं करार मोडला तर सगळ्या बावीस घरांचा पगार बंद.

सगुणाच्या पायाला लागलं होतं गुहेच्याच भिंतीनं. फायबरची एक कड फुटली होती, तिनं तळवा चिरला.

आग निघाल्यावर लखू तडक मोठ्या गुहेमागं गेला. तिथं दगडासारखा दिसणारा दरवाजा होता आणि आत काचेचा, पांढरा, थंडगार दवाखाना. मूळवासाच्या प्रमुख नंदिनी काळसेकर तिथंच उभ्या होत्या. त्यांच्या अंगावर घोंगडीचा झगा, तोही कुणी मोठ्या शिंप्यानं शिवलेला.

"बाई, पोरीचा पाय पिंडरीपत्तर लाल झालाय. अंग भाजतंय."

"हळदीचा लेप सुरू आहे ना, लखूदादा? शरीराला वेळ द्या. शरीर हुशार असतं."

"माझ्या ठकूचं शरीर बी हुशार हुतं," लखू म्हणाला.

एवढ्यात आतल्या पडद्यामागून वड बाहेर आला. एक हात गालावर, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा. लखूला बघून त्यानं बोळा झग्यात लपवला.

"ह्यांना सुई दिली?" लखूनं विचारलं.

"त्यांच्या दाढेत पू झाला होता."

"मग त्यांचं आदिजीव मरत न्हाईत?"

"मरतात. पण त्यांच्या पोटात आपण ते पुन्हा भरू शकतो, तुमच्या नमुन्यातून." नंदिनीबाईंचा आवाज मऊ होता, लहान मुलाला समजवावं तसा. "तुमचे मेले तर कुठून भरायचे, सांगा बरं? आणि वर्षभर आकडे उतरतायत, लखूदादा. वाड्यात कुणीतरी चोरून काहीतरी करतंय. आणखी एक औषध आणि सगळं संपेल. बावीस घरांचा विचार करा."

लखू बावीस घरांचा विचार करत घरी आला. मागच्या पौषातही त्यानं तोच केला होता. त्याच्या बायकोच्या, ठकूच्या छातीत कफ भरला तेव्हा नंदिनीबाई असंच बोलल्या होत्या. लखू तीन दिवस थांबला. चौथ्या दिवशी थांबण्यासारखं काही उरलं नाही. त्याला कुणी दोष दिला नाही. त्यामुळे सगळा दोष त्याच्याकडेच राहिला.

दुपारी नमुना न्यायला डॉक्टर अश्लेषा पोतनीस आल्या. मूळवासाच्या प्रयोगशाळेत त्या नव्यानं लागल्या होत्या. रोग बघायचं त्यांचं काम नव्हतं, पण सगुणाचा पाय पाहून त्या खाली बसल्या.

"काका, हिला आजच्या आज दवाखान्यात न्यायला हवं. विष रक्तात उतरलं तर पाय जाईल. पायावर थांबलं तर नशीब."

"सुई न्हाई तुमच्याकडं?"

"औषधांच्या कपाटाची किल्ली बाईंकडे असते. पण मी रुग्णवाहिका बोलावते. डांबर संपतं तिथपर्यंत येईल. नऊ किलोमीटर. तिथवर..."

"डोली." लखूनं बाहेर बघितलं. ऊन डोंगराआड कलायला लागलं होतं. खाली उतरेपर्यंत अंधार पडणार, आणि अंधारात खालच्या जंगलात वाट गव्यांची असते. डोलीला चार खांदे लागतात, बदली धरून आठ. "उद्या तांबडं फुटायला निघतो. गाडी सांगा."

"आणि करार?"

लखूनं उलट विचारलं, "आमचं आकडं कधीपासून उतराय लागलं?"

डॉक्टरांनी हातातली पाटी उघडून दाखवली. पाटीवर बावीस घरांच्या बावीस रेषा होत्या. तीन वर्षं सपाट आणि मग सगळ्या एकदम उताराला लागलेल्या, पाणी उतारावरनं जावं तशा.

"मागच्या जानेवारीत. म्हणजे तुमच्या..."

"पौषात," लखू म्हणाला. "ठकू गेली तवा."

त्या रेषांकडे बघता बघता त्याच्या ध्यानात आलं. कंपनीला काही उमगलं नव्हतं त्याचं कारण साधं होतं. हुंबरटेकात प्रत्येक घर आंबील पितं, पण आंबिलीला लागणारं विरजण सगळ्यांच्या घरी होत नाही. दोन-चार दिवसांत त्याचा जोर जातो. मग वाटी घेऊन ठकूच्या दारात यायचं. ठकूचं विरजण तिच्या सासूकडून आलेलं. त्याचे नेम ठरलेले होते. विरजण विकायचं नाही. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. आणि दिवेलागण झाल्यावर द्यायचं नाही.

"डाक्टर," लखू म्हणाला, "त्यो तुमचा आदिजीव आमच्या मातीत न्हाई. ठकूच्या डब्यात हुता."

डब्याची गोष्टही सांगावी लागली. डबा मातीचा नव्हताच. गुहांना रंग द्यायला आणलेला पाच लिटरचा प्लास्टिकचा रिकामा डबा ठकूनं पैदा केला होता आणि गोठ्यात लपवला होता. तिचे दिवस झाले त्या आठवड्यात कंपनीच्या सफाईवाल्यांना तो सापडला. त्यांनी तो उचलून नेला.

"म्हणजे काहीच उरलं नाही?"

लखू उठला. उशीखालून त्यानं एक फडकं काढलं. ठकूच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. डब्याच्या तोंडाला ती हाच बांधायची. वर्षानुवर्षं विरजण मुरून तो वाळक्या पापडासारखा कडक झाला होता. लखू रोज रात्री तो नाकाशी धरायचा. आंबूस, थोडा धुराचा वास. ठकूच्या हाताला हाच वास असायचा. घरात दुसऱ्या कशालाही तो उरला नव्हता.

डॉक्टरांनी फडकं घेण्यासाठी हात पुढं केला आणि लखूचं तोंड बघून मागं घेतला. "वाळलेल्या कापडात काही जिवाणू झोपून राहतात," त्या म्हणाल्या. "दुधात घातलं तर कदाचित जागे होतील. पण काका, दुधात घातलं की..."

"वास जाणार. ठावं हाय."

त्यानं फडक्याचे दोन तुकडे करायला ते दोन्ही हातांत धरलं. फाडायला जरा वेळ लागला. अर्धं परत उशीखाली ठेवलं आणि अर्धं नाचणीच्या कोमट पेजेत, थोडं दूध घालून बुडवलं. दोन तास गेले. पेज ढिम्म. ना बुडबुडा, ना वास.

सगुणा तापात पडून सगळं ऐकत होती. "आबा," ती पुटपुटली, "आय त्यात बिस्कुट टाकायची."

"काय टाकायची?"

"बिस्कुट. आंबील चांगली फसफसती म्हनायची. तुमास्नी सांगू नको म्हनली हुती. तुमी कराराचं घाबराल म्हनून." ती तशातही हसली. "मीच आणून द्यायची. गुहा झाडताना घावायची. त्यो वडवाला लई खातो."

डॉक्टर अश्लेषा आधी हसल्या, मग हसता हसता थांबल्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "जिवाणू ज्यावर वाढतो तसा तो होत जातो. दुकानात बिस्किटं आली तेव्हापासून ठकूकाकू टाकत असतील, तर पंचवीस-तीस वर्षं झाली. जिवाणूच्या हजारो पिढ्या. काका, हा आदिमानवाचा वारस नाही. हा चहा-बिस्किटावर पोसलेला आहे. आणि आपण चार वर्षं बिस्किटांवर पहारा ठेवलाय."

दिवेलागणीला अजून घटकाभर वेळ होता. लखू उठला तो थेट वडाच्या गुहेत शिरला. वड पाठमोरा बसून काहीतरी खात होता. दचकून वळला तेव्हा त्याच्या दाढीत चुरा होता.

"मालक, बिस्कुट पायजे."

"कसलं बिस्किट?" वड म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "हे बघ, नंदिनीताईंना सांगू नकोस. माझ्या बायकोला वाटतं मी इथं सुधारलोय."

"सांगत न्हाई. पुडा द्या."

वडानं उंच कपारीतून पुडा काढला, हातात तोलला. "दोन ठेवू का?"

"ठेवा."

वडानं चार ठेवली. लखू जायला वळला तेव्हा तो म्हणाला, "कुणासाठी रे?"

"पोरीसाठी. तुमच्या दाढंत झालं तसलंच पायात झालंय. तिला सुई न्हाई."

वडानं पुढचं बिस्किट तोंडात घातलं नाही, हे लखूनं बघितलं.

तांबडं फुटायच्या आधी लखूनं भांड्यावरचं झाकण उचललं. पेज वर आली होती. बारीक बारीक बुडबुडे फुटत होते. त्यानं नाक खाली नेलं, तसाच थोडा वेळ राहिला. मग डाव घेऊन तो घराबाहेर पडला.

पहिलं दार बमूनाना येडग्यांचं. नाना वाड्यातला सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात सावध माणूस.

"नाना, डोलीला खांदा पायजे. सगुणाला खाली न्यायचीय."

"लखू, बाबा, माझी दोन नातवंडं पगारावर वसतिगृहात शिकत्यात," नाना म्हणाले. "जरा दम धर. दोन दिस बघू."

"ठकूच्या वक्ताला म्या तीन दिस बघितलं. आता बघत न्हाई. तुमी न्हाई आला तर पाठंगुळी घिऊन जातो. पर आधी वाटी आणा."

"कशाला?"

"ठकूचं विरजण हाय."

नानांनी वाटी आणली. डावभर विरजण पडताच वास त्यांच्यापर्यंत गेला. त्यांनी बोट बुडवून चाटलं, आणि म्हाताऱ्याचे डोळे बारीक झाले. "आयला," ते म्हणाले. "ही तर ठकू आली."

"आता नीट ऐका. औषधानं पोटातलं मरतं, हे खरं. पर त्ये पुन्ना भरता येतं. कंपनी पाहुण्यांचं आमच्यातनं भरती. आमी आमचं ह्याच्यातनं भरायचं. ह्ये आपल्याकडं हाय तोवर कुणाला सुई घ्यायला भ्यायचं कारण न्हाई. ना आज, ना उद्या. पगार गेला तर कंपनीला आदिजीव कोण देणार?"

नाना विचार करता करता खांद्यावर धोतराची घडी गुंडाळू लागले. तेवढ्यात त्यांची म्हातारी आतून ओरडली, "अवो, खांद्याला धोतर कशाला गुंडाळाय लागतंय, घोंगडं घ्या की! का मी जाऊ?"

नाना उठले. शेवटचं दार होईपर्यंत आठ खांदे जमले.

खाली जायची जवळची वाट मूळवासातून होती. पाहुण्यांच्या सकाळच्या मौनाची वेळ होती. सगळे गोल करून जमिनीवर कान टेकवून बसले होते. वाशाला घोंगडं बांधलेली डोली, त्यात सगुणा, पुढं लखू, असे सगळे मधून निघाले. पाहुणे उभे राहिले. ओढाबाईंनी हात जोडले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी डोलीवर रानफुलं टाकली. मग टाळ्या सुरू झाल्या.

"हा कुठला विधी आहे?" ओढाबाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

"दवाखान्याचा," बमूनाना म्हणाले. "जरा बाजूला सरा, बाई. पाय लागंल."

नंदिनीबाई धावत आल्या आणि वाटेत उभ्या राहिल्या. "लखूदादा, हे पाऊल टाकलंत तर करार संपला. बावीस घरं!"

"बावीस घरं माझ्या मागं हायती," लखू म्हणाला. "बघा."

नंदिनीबाईंनी बघितलं. बायका, म्हातारी, पोरं, सगळं हुंबरटेक डोलीमागं आलं होतं. तेवढ्यात वड पुढं आला. त्याच्या गालाची सूज निम्म्यानं उतरली होती.

"ताई, काल मला इंजेक्शन दिलंत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हिला का नाही?"

गोलातल्या टाळ्या थांबल्या. कुणीतरी म्हणालं, "मलाही दिलं होतं, खोकल्याला." आणखी एक हात वर झाला. नंदिनीबाई त्यांच्याकडे वळल्या तेवढ्यात डोली पुढं निघाली. वडानंही वाशाला खांदा लावला. फाटकापर्यंत त्याला दम पुरला. तिथं तो एका फायबरच्या खडकावर बसला आणि खडक वाकला.

नऊ किलोमीटरला साडेतीन तास लागले. उखडलेल्या रस्त्यावर जिथं डांबर सुरू झालं, तिथं रुग्णवाहिका उभी होती. डॉक्टर अश्लेषा तांबडं फुटताच पुढं उतरून आत बसलेल्या होत्या. रात्रीच नोकरीचा राजीनामा टाइप करून ठेवलाय, असं त्या लखूला म्हणाल्या. लखूला टाइप म्हणजे काय ते कळलं, राजीनामा कळायला वेळ लागला.

सगुणाचा पाय वाचला. तीन आठवड्यांनी ती चालत घरी आली, पायात जाड तळाच्या चपला घालून. चौदा दिवस सलाईनमधून औषध गेलं होतं, आणि तेव्हापासून रोज दोन वाट्या आंबील. डॉक्टरांनी खालच्या सरकारी प्रयोगशाळेत तिची तपासणी करवून घेतली. आदिजीव परत आले होते. वाड्यातल्या बाकीच्यांच्या रेषाही वर वळल्या होत्या. बमूनानांनी त्या आठवड्यात पंधरा वर्षं दुखणारी दाढ काढून घेतली आणि सुई घेताना आनंदानं शिव्या दिल्या.

नंदिनीबाई आल्या त्या दिवशी ऊन नुकतंच बुडालं होतं. सगुणानं चिमणी पेटवून कोनाड्यात ठेवली होती. बाईंबरोबर कागद होते आणि एक कोरं मातीचं मडकं, सोन्याच्या दोऱ्यानं बांधलेलं.

"लखूदादा, झालं ते झालं. विरजणाचं आम्हाला कळलंय; कंपनी ते विकत घ्यायला तयार आहे. हवी ती किंमत बोला."

"इकत न्हाई."

"मग वाटीभर तरी. तुमचे नमुने बंद झाल्यापासून पाहुणे परत चाललेत. झोप येत नाही म्हणतात. मी मागतेय, लखूदादा."

लखूनं मान हलवली. "मागितलं तर न्हाई म्हनत न्हाई. ठकूनं न्हाई म्हटलं नसतं." त्यानं कोनाड्याकडे बोट केलं. "पर दिवा लागला. आता देत न्हाईत. उद्या या. आन् येताना गाडीनं या."

"गाडीनं? रस्ता कुठाय?"

"त्योच म्हनतो म्या. आधी रस्ता. मग आमच्या वाटंनं या, आमच्यावानी वाटी घिऊन या, जेवडी पायजे तेवडी न्या. आमच्यातल्या कुणाला सुई लागली तर त्याच रस्त्यानं ती वर येनार. एवडंच."

नंदिनीबाई मडकं घेऊन वळल्या. अंधारात त्यांना वाट दिसेना. सगुणा चपला फटफटवत बॅटरी घेऊन त्यांना फाटकापर्यंत सोडून आली.

दीड महिन्यानं रोड रोलरचा आवाज पठारावर आला. त्या दिवशी लखू गोठ्यात गेला. तिथं विरजणाचा नवा डबा होता. गुहांना रंग देऊन उरलेला, पाच लिटरचा, वडानं पाठवलेला. त्यानं उशीखालचं उरलेलं अर्धं फडकं आणलं आणि डब्याच्या तोंडाला बांधलं. उशीखाली आता काही नव्हतं.

सगुणा म्हणाली, "आबा, त्ये बी भिजंल की. आयचा वास जाईल."

"जाऊ दे," लखू म्हणाला. त्यानं गाठ घट्ट केली, वर एक बिस्किट ठेवलं आणि दारात कुणीतरी वाटी वाजवली म्हणून तो बाहेर गेला.